सत्य घरचे, असत्य आयातीचे

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या कोणाच्याही बोटांखालून दोन इंग्रजी शब्द सतत जात असतात: ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’. पुण्यात बसून लिहा की पोलंडमध्ये, या जोडीवाचून यंत्र पुढे सरकत नाही. पण ही जोडी दिसते तशी सख्ख्या भावंडांची नाही. ‘ट्रू’ हा अस्सल जर्मानिक घराण्यातला, इंग्रजीचा जन्मजात शब्द. ‘फॉल्स’ मात्र बाहेरून आलेला, लॅटिन ‘फाल्सुस’चा वंशज. जर्मनमध्ये पाहावे तर ‘वार’ घरचा आणि ‘फाल्श’ पाहुणा. स्वीडिशमध्ये ‘सान’ घरचा, ‘फाल्स्क’ पाहुणा. पोलिश तर्कशास्त्रात ‘प्राव्दा’ शुद्ध स्लाव्ह आणि तिच्यासमोर उभा असलेला ‘फाउश’ पुन्हा त्याच लॅटिन मुळाचा. म्हणजे युरोपाच्या बऱ्याच भागात सत्य घरात पिकलेले आणि असत्य आयात केलेले, असे एक गमतीदार चित्र तयार होते.

मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, खोट्यासाठी शब्द उसना घ्यायची वेळ कोणावर का यावी? ज्या समाजाला खोटे बोलता येत नव्हते असा समाज पृथ्वीच्या पाठीवर झालेला नाही. उत्तर युरोपातल्या जमाती रोमन लोक येईपर्यंत हरिश्चंद्राचे अवतार होत्या, असे त्यांच्या ‘सागा’ नावाच्या वीरगाथासुद्धा म्हणणार नाहीत. तरीही त्यांनी हा शब्द घेतला, जपला, रुळवला आणि पुढे शेजाऱ्यांना दिला. या देवघेवीत त्यांना नेमकी कोणती उणीव भासली असेल, याचा विचार करू लागले की शब्दाच्या कहाणीतून विश्वासाचा इतिहास डोकावू लागतो.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘फाल्लेरे’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ फसवणे, चकवणे, नजरेतून निसटणे. अनेक व्युत्पत्तिशास्त्रज्ञ त्याचे नाते ग्रीक ‘स्फाल्लेइन’शी आणि संस्कृत ‘स्खल्’ धातूशी जोडतात. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पाय अडकवून पाडणे. कुस्तीत टांग मारून प्रतिस्पर्ध्याला लोळवतात तसे. आजच्या ग्रीकमध्ये ‘स्फाल्मा’ म्हणजे चूक. आपले ‘स्खलन’ही ठेच लागण्यापासून सुरू होऊन नैतिक घसरणीपर्यंत पोहोचलेच आहे. हे नाते मान्य केले तर ‘फाल्सुस’च्या तळाशी लबाडी नसून पाय निसटणे आहे. माणूस चालत होता, जमीन पक्की आहे असे धरून त्याने पाऊल टाकले, आणि ती तशी नव्हती.

इथे व्याकरणाचा एक बारकावा फार बोलका आहे. ‘फाल्सुस’ हे ‘फाल्लेरे’चे कर्मणी भूतकालवाचक रूप आहे. व्याकरणाच्या हिशेबाने त्याचा पहिला अर्थ ‘फसवणारा’ असा होत नाही, ‘फसवला गेलेला’ असा होतो. सॅलस्टसारख्या लेखकाकडे हा जुना अर्थ अजून जिवंत सापडतो. तिथे माणूस ‘फाल्सुस’ असतो तो गाफील राहिलेला असतो म्हणून. पुढे हळूहळू हा शब्द बळी पडलेल्या माणसाकडून त्याला बळी पाडणाऱ्या गोष्टीकडे सरकला. फसलेला माणूस, फसवी आशा, फसवे वचन आणि अखेर खोटी वस्तू. पण जन्मखूण पुसली गेली नाही. ‘फाल्सुस’ म्हणताना कुठेतरी, कोणीतरी विश्वास ठेवणारा गृहीत धरलेला असतो. कोणी विश्वासच ठेवला नसता तर ती वस्तू नुसतीच वेगळी ठरली असती, खोटी ठरली नसती.

खोटे बोलण्यासाठी रोमन लोकांकडे वेगळे क्रियापद होते: ‘मेंतिरी’. त्याचे धागे ‘मेन्स’ म्हणजे मन या शब्दाशी जुळतात. सिसेरोचा समकालीन विद्वान निगिडिउस फिगुलुस याने केलेला एक भेद पुढे आउलुस गेल्लिउसने दुसऱ्या शतकात नोंदवून ठेवला. स्वतः फसलेला माणूस अजाणता असत्य सांगतो आणि स्वतः न फसलेला माणूस दुसऱ्याला फसवण्यासाठी खोटे बोलतो, हे दोन निराळे व्यवहार आहेत, असे त्याचे म्हणणे. दुसरे टाळणे हे सज्जनाचे काम आणि पहिले टाळणे हे शहाण्याचे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने खोटेपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा हीच रेघ त्याने अधिक ठळक केली. मनात एक आणि ओठांवर दुसरे असले की ते खोटे बोलणे. मग ओठांवरचे योगायोगाने खरे निघाले तरी. उलट, खरे समजून चुकीचे सांगणारा खोटारडा नव्हे, जरी त्याने सांगितलेले ‘फाल्सुम’ असले तरी. खोटे बोलणे मनात राहते आणि ‘फाल्सुम’ जगात राहते, इतकी ही विभागणी स्वच्छ आहे.

या दोन शब्दांची पुढची वाटचाल याच रेघेने ठरवली. ‘मेंतिरी’ लॅटिनच्या लेकींकडेच राहिले. फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये खोटे बोलणे म्हणजे आजही त्याच मुळाचे क्रियापद आहे. रुमानियन ‘मिंचुना’ही त्याच कुळातली. पण आल्प्स ओलांडून रोजच्या बोलीत त्याने घर केले नाही. जर्मन माणूस आजही ‘ल्युगन’ करतो, इंग्रज ‘लाय’ करतो. स्लाव्ह भाषांमध्ये खोटे बोलण्याची क्रियापदे स्लाव्हच आहेत. ‘फाल्सुस’ मात्र आइसलंडपासून माल्टापर्यंत आणि बास्क डोंगरांपासून रशियापर्यंत गेला. बोलण्यातल्या लबाडीला लोकांनी स्वतःचा शब्द ठेवला. खोट्या वस्तूसाठी त्यांनी रोमचा शब्द घेतला. कारण ती वस्तूच रोमच्या वाटेने आली होती.

इ.स.पू. 81 मध्ये रोमन हुकूमशहा सुल्लाने एक कायदा केला. पुढच्या रोमन कायदेपंडितांनी त्याला ‘फाल्सुम’चा कायदा म्हटले, पण सिसेरोच्या काळात त्याची ओळख अधिक नेमकी होती: मृत्युपत्रांचा आणि नाण्यांचा कायदा. मृत्युपत्र बनावट करणे, त्यात खाडाखोड करणे, खोटी मोहोर उमटवणे, सोन्यात हिणकस मिसळणे, खोटी चांदीची नाणी पाडणे हे गुन्हे त्यात एका छपराखाली आले. वरवर पाहता वारसाहक्काचा कागद आणि टाकसाळीतला धातू यांचा काय संबंध? पण दोघांचे मर्म एकच आहे. दोन्ही वस्तू अनुपस्थित माणसाच्या वतीने बोलतात. मृत्युपत्र मेलेल्या माणसाचा शब्द पुढे नेते आणि नाणे दूरच्या राज्यकर्त्याचा शब्द खेड्यातल्या बाजारापर्यंत पोचवते. समोर बसून खोटे बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहता येते, त्याला उलटतपासणीत पकडता येते, त्याच्या गावात चौकशी करता येते. नाण्याच्या डोळ्यांत कसे पाहणार?

गॉथ लोकांकडे या अनुपस्थित साक्षीदारांचे प्रस्थ अजून माजले नव्हते. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले तेव्हा खोटा प्रेषित आणि खोटा साक्षीदार या दोघांसाठी त्याने ‘लिउगन’ म्हणजे खोटे बोलणे या आपल्याच क्रियापदापासून शब्द घडवले. दोघेही बोलणारी माणसे होती. घरचा शब्द पुरेसा होता. जुन्या इंग्रजीतही ‘लेआस’ असा छान घरचा शब्द होता. त्याचा अर्थ रिकामा, विरहित आणि म्हणून खोटा. आल्फ्रेड राजाच्या कायद्याच्या प्रस्तावनेत दहा आज्ञांमधली खोटी साक्ष याच शब्दाने सांगितली आहे. आज तो शब्द इंग्रजीत शेपटासारखा उरला आहे. ‘होपलेस’, ‘युजलेस’ यांतले ‘लेस’ म्हणजे त्याचाच अवशेष.

मग ‘फाल्स’ इंग्रजीत शिरला कुठून? त्याच्या अगदी जुन्या पाऊलखुणा जिथे दिसतात ती जागा पाहिली की शंका उरत नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅनिश वंशाचा राजा क्नूट इंग्लंडवर राज्य करत होता. त्याच्या कायद्यात म्हटले आहे की, साऱ्या देशात एकच नाणे चालावे आणि त्यात कसलाही ‘फाल्स’ नसावा. जो तो करील त्याचा ज्या हाताने केला तो हात तोडावा. इथे शब्द नाम म्हणून आला आहे. तो माणसाच्या स्वभावाला चिकटलेला नाही, टाकसाळीतून निघणाऱ्या धातूला चिकटलेला आहे. नॉर्स भाषेतही ‘फाल्स’ फसवणूक आणि बनावट या अर्थी रुजला. पुढे 1066 नंतर नॉर्मन फ्रेंच इंग्लंडवर राज्य करू लागली, तिच्यातल्या ‘फाल्स’, ‘फाउस’ या रूपांनी आधीच आलेल्या पाहुण्याला बळ दिले आणि बिचारा ‘लेआस’ कोपऱ्यात ढकलला गेला.

जर्मनमध्ये हा शब्द बाराव्या शतकात जुन्या फ्रेंचच्या वाटेने स्थिरावला आणि तिथून पूर्वेकडे निघाला. पोलिशने तो मध्ययुगीन जर्मनकडून घेतला. त्याच काळात पोलिशमध्ये जर्मनमधून आलेले सोबती कोण होते, ते पाहण्यासारखे आहे: ‘रातुश’ म्हणजे नगरगृह, ‘बुर्मिस्त्श’ म्हणजे नगराध्यक्ष, ‘वागा’ म्हणजे तराजू, ‘फुंत’ म्हणजे पौंडाचे वजन, ‘रिनेक’ म्हणजे बाजारचौक. जर्मन कायद्यावर वसवलेल्या नव्या शहरांबरोबर हे सारे आले, आणि तराजू आला की त्याच्या मागोमाग खोटा तराजूही येणारच. रशियनमध्ये तो आणखी उशिरा, पोलिश आणि जर्मनच्या मार्गाने पोचला. तिथे खोटे नाणे पाडणाऱ्याला ‘फाल्शिवोमोनेत्चिक’ म्हणतात. या लांबलचक शब्दाचे दोन्ही दगड रोमच्या खाणीतले आहेत: एक ‘फाल्सुस’ आणि दुसरा ‘मोनेता’. रशियन माणूस साधे खोटे बोलतो तेव्हा मात्र त्याला ‘लोझ’ किंवा ‘व्रान्यो’ हे घरचेच शब्द लागतात. रशियन तर्कशास्त्रातही असत्याच्या जागी ‘लोझ’ उभा आहे. आयातीच्या नियमाला हा मोठा अपवाद.

मराठी वाचकाला इथे आपल्या घरात डोकावण्याचा मोह होतो आणि तो अस्थानी नाही. सोन्यात ‘खोट’ असते, नाणे ‘खोटे’ असते आणि माणूसही ‘खोटे’ बोलतो. धातूतले हिणकस आणि जिभेवरचे असत्य यांना आपण एकाच शब्दात बसवले आहे. संस्कृत धर्मशास्त्रे आणि अर्थशास्त्र पाहावीत तर ‘कूट’ या एका शब्दाभोवती खोटा साक्षीदार, खोटे राजशासन आणि खोटे नाणे पाडणारा असे तिघेही हजर असतात. सुल्लाच्या कायद्यातली आणि रोमन न्यायालयातली हीच मंडळी. टाकसाळ, ताम्रपट आणि न्यायसभा ज्या समाजात जुन्या होत्या त्याने आपला शब्द आपणच घडवला. ज्यांच्याकडे या संस्था बाहेरून आल्या त्यांनी संस्थेबरोबर तिच्या रोगाचे नावही घेतले.

युरोपातल्या कागदाच्या रोगाचे निदान मध्ययुगात पोपच्या दरबारात झाले. 1198 मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या इनोसंटने आपल्या नावाची बनावट पत्रे फिरतात हे पाहून खोटेपणाचे प्रकार मोजून सांगितले. खोट्या पत्राला खोटी मोहोर लावणे हा त्यातला भाबडा प्रकार. खऱ्या पत्रावरची खरी मोहोर दोऱ्यासकट काढून खोट्या पत्राला जोडणे हा पोचलेल्या कारागिराचा. खरी मोहोर आणि खोटे पत्र! त्याच्या या सूचना पुढे 1234 च्या पोपच्या आदेशसंग्रहात ‘फाल्सुम’च्या गुन्ह्यावरच्या स्वतंत्र प्रकरणात गेल्या आणि धर्मन्यायालये जिथे जिथे होती तिथे तिथे पोचल्या. बर्गेनपासून क्राकोपर्यंतच्या कारकुनांनी हा शब्द लॅटिनमध्ये वाचला आणि आपापल्या भाषेत बोलून दाखवला.

त्याच चर्चच्या दप्तरात सर्वांत मोठा बनावट कागद सुखाने नांदत होता, हा इतिहासाचा विनोद. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोप सिल्व्हेस्टरला दान केले, असे सांगणारे ते दानपत्र. 1440 मध्ये लोरेन्झो व्हाल्लाने त्याची लॅटिन तपासली. चौथ्या शतकातल्या रोमन अधिकाऱ्यांना त्यात ‘सत्रप’ या इराणी पदवीने उल्लेखले होते. अजून घडायच्या गोष्टी घडून गेल्यासारख्या मांडल्या होत्या. भाषा हाच साक्षीदार फुटला. व्हाल्लाने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले: ‘फाल्सो क्रेदिता’ आणि ‘एमेंतिता’. म्हणजे खोटेपणी विश्वास ठेवले गेलेले आणि लबाडीने रचलेले दान. ‘मेंतिरी’चे मूळ त्याने रचणाऱ्याच्या पदरात टाकले, ‘फाल्सुस’चे मूळ विश्वास ठेवणाऱ्यांच्या. या दोन मुळांचा इतका काटेकोर वापर क्वचितच कोणी केला असेल.

काटेकोरपणाचा दुसरा धनी इटालियन कवी दान्ते. त्याच्या नरकाच्या आठव्या वर्तुळातली शेवटचा खंदक खोटेपणा करणाऱ्यांसाठी राखीव आहे. तिथे जान्नी स्किक्की भेटतो. मेलेल्या बुओसो दोनातीच्या बिछान्यात झोपून त्याने आपल्याला हवे तसे मृत्युपत्र सांगितले होते. तिथेच मास्टर आदाम आहे. फ्लॉरेन्सचे फ्लोरिन हे नाणे 1252 पासून पाडले जात होते. 24 कॅरट सोन्याच्या या नाण्यात आदामने तीन कॅरट हिणकस घातले आणि त्यासाठी तो जाळला गेला. एक मृत्युपत्राचा गुन्हेगार, दुसरा नाण्याचा. सुल्लाच्या कायद्याची दोन कलमे जवळजवळ चौदाशे वर्षांनी कवितेत माणसे होऊन उभी आहेत.

याच ठिकाणी सिनोनही आहे. लाकडी घोडा आत घ्या म्हणून ट्रॉयच्या लोकांना पटवणारा ग्रीक तो हाच. त्याचे आणि आदामचे भांडण जुंपते. सिनोन आदामच्या पोटावर गुद्दा मारतो, आदाम त्याच्या तोंडावर. आदाम त्याला ट्रॉयची आठवण करून देतो. तेव्हा सिनोन जे सुनावतो त्याचा आशय असा की, मी बोललो खोटे, पण तू नाणे खोटे केलेस. मी एका अपराधासाठी इथे आहे, तू मात्र कोणत्याही सैतानापेक्षा जास्त अपराधांसाठी. सिनोनच्या एका थापेत एक नगर बेचिराख झाले, तरी त्याचा हिशेब थंड डोक्याने मांडला तर तो चुकत नाही. शब्द एकदा बोलला गेला आणि संपला. नाणे मात्र हातोहात फिरत राहते आणि देणारा प्रामाणिक असूनही दर वेळी नवा माणूस फसतो. बोललेल्या असत्याला बोलणाऱ्याची सोबत लागते. घडवलेल्या असत्याला ती लागत नाही.

मात्र खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो तो त्याचा वापर आपल्या सोयीने करतो, हेही या शब्दाच्या प्रवासात दिसते. जुन्या राजवटीतल्या फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा कर होता. काही प्रांतांत तो जबर, तर शेजारच्या ब्रिटनीला त्यातून सूट. साहजिकच ब्रिटनीचे स्वस्त मीठ चोरवाटांनी पलीकडे जाई. अशा व्यापाऱ्याला कायदा ‘फो सोनिए’ म्हणे, म्हणजे खोटा मीठवाला, आणि पकडला गेला तर त्याला गलबतावर वल्ही मारायला पाठवी. मीठ तेच, समुद्र तोच, खारटपणा तोच. खोटे होते ते फक्त राजाचा वाटा न दिल्यामुळे. 1790 मध्ये क्रांतीने हा कर रद्द केला आणि तेच मीठ एका ठरावाने खरे झाले. वस्तूतला खोटेपणा वस्तूच्या कणांत शोधून सापडत नाही तो असा.

संगीताच्या दालनातही अशीच एक तक्रार ऐकू येते. मध्ययुगीन युरोपात स्वरांची एक मान्य चौकट होती. तिच्याबाहेरचे कोमल-तीव्र स्वर गायले जात, गोड लागत, पण शास्त्रात बसत नसत. त्यांना ‘मुसिका फाल्सा’ म्हणत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या काही शास्त्रकारांनाच हे नाव खटकले. जे आवश्यक आहे ते खोटे कसे, असा त्यांचा सवाल होता, आणि हळूहळू ‘फाल्सा’च्या जागी ‘फिक्ता’ म्हणजे कल्पित हे सौम्य विशेषण पुढे आले. कृत्रिम उंच आवाजाला इटालियन लोकांनी ‘फाल्सेत्तो’ म्हटले. बेसूर गाण्यासाठी फ्रेंच, जर्मन, डच, पोलिश, रशियन या साऱ्यांनी याच मुळाचा आधार घेतला. इटालियन संगीत जिथे पोचले तिथे ‘फाल्सो’ पोचला: ग्रीकमध्ये तो ‘फाल्त्सो’ झाला, तुर्कीत ‘फाल्सो’च राहिला. या दोन्ही भाषांत मग त्याने मैफल सोडून मैदान गाठले. चेंडूला दिलेली फिरकीही आता त्याच नावाने ओळखली जाते. पाय अडकवून पाडणाऱ्या मूळ क्रियापदाला खेळात परतल्यासारखे वाटत असेल.

घरोघरी गेलेल्या शब्दाचा स्वभाव घरागणिक बदलतो. फ्रेंचने झिजवून झिजवून ‘फाल्सुस’चा नुसता ‘फो’ केला. जर्मन ‘फाल्श’ची नैतिक धार बोथट झाली, शाळकरी मुलाचे गणित चुकले तरी ते ‘फाल्श’, दूरध्वनी दुसरीकडे लागला तरी ‘फाल्श’. खिम्याच्या भाजलेल्या वडीला जर्मन माणूस ‘खोटा ससा’ म्हणून मिटक्या मारत खातो. डचमध्ये उलट धार वाढली. तिथे ‘फाल्स’ कुत्रा म्हणजे चावरा, दगाबाज कुत्रा. त्याच लॅटिन मुळातून फ्रेंच मार्गाने डचमध्ये दुसरा एक शब्द आला, ‘फाउट’, म्हणजे चूक. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी जर्मन कब्जेदारांना साथ दिली त्यांना नेदरलंड्समध्ये नंतर ‘फाउट’ म्हटले गेले. गणिताच्या वहीतला लाल शेरा एका पिढीच्या चारित्र्यावर मारला गेला.

आपल्या किनाऱ्याशी या शब्दाची भेट बरीच जुनी आहे. पूर्वेकडून पोर्तुगालला परतणारी जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना एका भूशिराला केप द्वीपकल्पाचे टोक समजून उत्तरेकडे वळत आणि भलत्याच उपसागरात शिरत. पोर्तुगीजांनी त्या भूशिराला ‘काबो फाल्सो’ नाव दिले. तो उपसागर आजही फॉल्स बे म्हणूनच नकाशावर आहे. गोव्याहून मसाले घेऊन निघालेल्या खलाशांना हे नाव ठाऊक असणे भाग होते. मराठीत मात्र हे घराणे इंग्रजीच्या बोटाला धरून शिरले. विद्यार्थी ‘फेल’ होतो, विजेच्या तारेत ‘फॉल्ट’ निघतो, कर्ज थकवणारा ‘डिफॉल्टर’ ठरतो आणि दिवाणखान्याला ‘फॉल्स सीलिंग’ लागते. ही सारी ‘फाल्लेरे’ची मुलेबाळे. साडीचा ‘फॉल’ मात्र त्यांच्यातला नव्हे. तो पडणे या अर्थाच्या जर्मानिक क्रियापदाचा.

त्याहून खोल गेला तो कायदा. मेकॉलेच्या मसुद्यातून 1860 साली आलेल्या भारतीय दंड संहितेत खोटी साक्ष देण्याची आणि खोटा दस्तऐवज तयार करण्याची स्वतंत्र कलमे होती. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण हे गुन्हे नव्या क्रमांकांखाली तसेच आहेत. तालुक्याच्या न्यायालयात बनावट खरेदीखतावर युक्तिवाद चालतो तेव्हा एका टोकाला आपला ‘कूट’ आणि दुसऱ्या टोकाला सुल्लाचा ‘फाल्सुम’ असे दोन वारसे एकाच फाइलीत बांधलेले असतात.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या बदनाम शब्दाला अनपेक्षित मान मिळाला. 1892 मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगेने ‘सत्य’ आणि ‘असत्य’ या दोन्हींना वाक्यांच्या मूल्यांचा समान दर्जा दिला. 1920 मध्ये पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविचने ‘प्राव्दा’ आणि ‘फाउश’ यांच्यामध्ये तिसरे मूल्य मांडून दाखवले, कारण उद्या घडणाऱ्या गोष्टीबद्दलचे विधान आज या दोन्ही खणांत बसत नाही. आणि 1934 मध्ये तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खोटे ठरू शकणे हीच वैज्ञानिक सिद्धान्ताची कसोटी ठरवली. जे कधीच खोटे ठरू शकत नाही ते विज्ञान नव्हे, असे म्हणताना पॉपरने सराफाचा नियम ज्ञानाला लावला. कसाला लागायची तयारी नसलेले सोने सोन्याच्या भावाने घेऊ नये.

आज हाच खेळ नव्या शब्दाने सुरू झाला आहे. ‘फेक’ हा शब्द लॅटिन नाही. लंडनच्या चोरांच्या बोलीतून तो वर आला. पण त्याची चाल ‘फाल्सुस’सारखीच आहे. जर्मनने ‘फेक न्यूज’ जशीच्या तशी घेतली, रशियनने ‘फेइक’ केले, पोलिशने ‘फेय्क’, आणि मराठी वर्तमानपत्रांनाही ‘फेक’वाचून करमेनासे झाले. फ्रान्सच्या परिभाषा समितीने 2018 मध्ये पर्यायी शब्द सुचवले, त्यांतल्या एकात पुन्हा ‘फाल्लेरे’चेच मूळ डोकावते. अफवेसाठी, थापेसाठी या सर्व भाषांकडे भरपूर घरचे शब्द असताना नवा शब्द का घ्यावा लागला? कारण विश्वासाचे साधन पुन्हा बदलले. पूर्वी नाण्यावरचा ठसा, पत्रावरची मोहोर. आता पडद्यावरचे चित्र आणि ओळखीचा वाटणारा आवाज. तेही अनुपस्थित माणसाच्या वतीने बोलतात आणि त्यांच्याही डोळ्यांत पाहता येत नाही.

एवढ्या प्रवासातून निष्पन्न होते ते साधे आहे. लबाडीसाठी कोणत्याही समाजाला शब्द उसना घ्यावा लागलेला नाही. ती सर्वांकडे मुबलक होती. शब्द उसना घ्यावा लागला तो विश्वासाच्या नव्या साधनात शिरलेल्या खोटीसाठी. म्हणून भाषेत खोट्यासाठी परका शब्द रुळू लागला की लोक अधिक खोटारडे झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्यांनी नव्या कशावर तरी विश्वास टाकायला सुरुवात केली आहे आणि ते पारखायला ते अजून शिकलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. फ्लोरिन पारखायला फ्लॉरेन्सचे सराफ शिकले, दानपत्र पारखायला व्हाल्लाने शिकवले. पडद्यावरचे चित्र पारखण्याची विद्या आपल्यालाच उभी करावी लागेल, आणि ती कोणाकडून उसनी मिळणार नाही.